हिमालयन ४११, जोडीने लेह: टायर, सामान आणि सुट्या भागांची तयारी

घाटरस्ता

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायकोसोबत लेहला जायचा बेत आहे. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बीएस६, २०२१ ची, २३ हजार किलोमीटर झालेली, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने गाडी जम्मूला न्यायची, तिथून श्रीनगर, कारगिल, लेह, मग नुब्रा-पँगाँग. उतरताना मनाली, आणि चंडीगढपासून पुण्यापर्यंत चालवत परत. घाटात आणि कोकणात सवय आहे, एवढी उंची मात्र पहिल्यांदाच.

मागे अॅल्युमिनियमच्या पेट्या लावाव्यात की कापडी सॅडलबॅग? ट्यूबचे टायर आहेत, तर वाटेत स्वतः पंक्चर काढायची तयारी ठेवावी की सरळ ट्यूबलेस करून घ्यावं? मागचा टायर निम्मा झिजलाय, तो चालेल का? सुटे भाग कोणते न्यायचे आणि मनाली-लेह वाटेवर तांडीनंतर पेट्रोल किती जवळ ठेवायचं? माझ्याकडे जॅकेट-हेल्मेट आहे, बायकोचं सगळं नव्याने घ्यायचंय. टायर धरून सगळं ४५ हजारांत बसवायचंय.

पाना_पकड

पेट्या-बॅगांचं इतर सांगतील, मी गाडीपासून सुरू करतो.

मागचा टायर बदला. जम्मू ते पुणे तुमच्या वाटेने साडेतीन-चार हजार किलोमीटर होतील, तेही दोघं आणि सामान घेऊन. निम्मा टायर तेवढं ओढेल कदाचित, पण झिजलेल्या टायरला टोकदार खडी लवकर घुसते. नवीन टायर निघण्याआधी किमान ३००-४०० किलोमीटर चालवा. सर्व्हिसिंगचंही तेच. आदल्या दिवशी करू नका, दोन आठवडे आधी करा आणि मग गाडी रोज वापरा. सैल राहिलेला बोल्ट किंवा वाकडा बसलेला सील पुण्यातच कळलेला बरा.

हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं ते, तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल एका बोटाने सावकाश इकडून तिकडे फिरवा. बरोबर मध्यावर आल्यावर खटका लागला तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेत, नुसतं आवळून भागणार नाही, सेट बदलावा लागेल. २३ हजारांनंतर आणि आपल्या रस्त्यांवर हे सर्रास निघतं. तसंच चाक उचललेलं असताना वरून-खालून धरून हलवा, खेळ जाणवला तर चाकाचं बेअरिंग. स्पोक एकेक करून पान्याने वाजवा: घट्ट असलेला टणटण वाजतो, ढिला असला की आवाज मेलेला येतो.

चेन. जोडीने आणि सामानासकट बसलात की मागचं सस्पेन्शन दबतं आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची पिन आणि मागचा आस एका रेषेत येतात. चेन सगळ्यात जास्त ताणली जाते ती त्या क्षणी. त्यामुळे मोकळ्या गाडीवर 'छान घट्ट' दिसणारी चेन खड्ड्यात गेल्यावर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील खाते. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर जी मोकळीक दिली आहे तिच्या ढिल्या बाजूला ठेवा आणि चाक फिरवत जिथे चेन सगळ्यात ताठ लागेल तिथे मोजा. धुवायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको, ओ-रिंगचं रबर फुगतं. वंगणाला ईपी ९० गिअर ऑइल उत्तम आणि स्वस्त. फक्त रात्री चेन गरम असताना लावा, पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसा. ओली चेन लेह-मनाली वाटेवरच्या मोरे मैदानातली धूळ ओढून घेते आणि त्याचं घोटून पॉलिश पेपर होतं. दर ५०० किलोमीटरला, आणि नाला ओलांडल्यावर त्या संध्याकाळी, न चुकता.

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, जोडीसाठी वाढवून घ्या. सी-पाना टूलकिटमध्ये असतो, नसला तर मागून घ्या. हे बहुतेक लोक करत नाहीत आणि मग 'हिमालयन मागून बसते' म्हणून तक्रार करतात.

सुटे भाग: क्लच केबल, अॅक्सिलरेटर केबल, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, मागचे ब्रेकपॅड, एक प्लग, प्रत्येक आकाराचे दोन फ्यूज, चेनच्या मापाची क्लिपवाली जोडकडी, ५, ६ आणि ८ एमएमचे थोडे बोल्ट, झिपटाय, बारीक तार, एम-सील, इन्सुलेशन टेप, अर्धा लिटर इंजिन ऑइल. नवी क्लच केबल बॅगेत टाकू नका. जुनीच्या शेजारून तिच्याच वाटेने ओढून टोकं टेपने बांधून ठेवा. तुटली की टाकी न उचलता दहा मिनिटांत जोडता येते. इंजिनच्या केसिंगला दगड लागून तेल पाझरलं तर एम-सील लावण्याआधी जागा पेट्रोलने पुसून खरखरीत करा, तेलकट धातूवर ते धरत नाही.

ब्रेक फ्लुइड दोन वर्षांत बदललं नसेल तर डॉट ४ भरून घ्या. तांगलांग ला किंवा खारदुंग ला हे उंच घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहा. जुन्या फ्लुइडमध्ये पाणी मुरलेलं असतं, सतत ब्रेक दाबून ते तापलं की वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो.

ट्यूबवाला

ट्यूबलेसचं आधी उडवतो: नको. स्पोकच्या रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करून देतात, शहरात चालतंही. पण तुमच्या २१ इंची पुढच्या रिमला टायरची कडा अडवून धरणारा उंचवटा नाही. दगडावर आपटून रिम जराशी दबली किंवा हवा कमी झाली की कडा सुटते आणि सगळी हवा एकदम जाते. शेवटी ट्यूबच टाकावी लागते, आणि तेव्हा ती तुमच्याकडे नसते.

दोन ट्यूब घ्या, पुढची ९०/९०-२१ आणि मागची १२०/९०-१७. जागेची फारच ओढाताण असेल तर एकटी २१ ची न्यावी असं म्हणतात, कारण ती मागच्या चाकात कोंबता येते, उलट जमत नाही. खरं आहे. पण तिला आत घडी पडते, आणि मागे दोन माणसांचा भार असताना त्या घडीवर पन्नास-साठ किलोमीटरपेक्षा जास्त विश्वास टाकू नये. जोडीने जाताय म्हणून दोन्ही घ्या.

हत्यारं: १० ते १२ इंची तीन टायर लिव्हर, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, पट्ट्या, सोल्युशन, पॉलिश पेपर, टाल्कम पावडर, साबणाची छोटी बाटली, आणि दोन्ही आसांच्या नटांना बसणारे पाने. पाने कंपनीच्या किटमधले असले तरी एकदा नट खरोखर सुटतो का ते घरी बघा. गॅरेजात एअरगनने आवळलेला नट आखूड पान्याला दाद देत नाही.

निघण्याआधी घरी एकदा मागचं चाक स्वतः उतरवून ट्यूब बदला. क्रम असा:

आस सैल करण्याआधी दोन्ही बाजूंचे चेन-अॅडजस्टर कोणत्या खुणेवर आहेत त्याचा फोटो काढा. चाक निघाल्यावर ब्रेक पायाने दाबू नका, पॅड एकमेकांना भिडतात आणि डिस्क परत आत जात नाही. भिडलेच तर मध्ये लिव्हर घालून हलके फाकवा.

व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण घालवा. टायरची कडा दोन्ही बाजूंनी बुटाने दाबून सोडवा, साबणाचं पाणी फिरवा. पहिला लिव्हर व्हॉल्व्हजवळ घाला आणि त्याच वेळी समोरच्या बाजूची कडा गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवा. सगळी गंमत इथे आहे. कडा खोलगटात असेल तर वर ढिलाई मिळते आणि लिव्हर दोन बोटांनी फिरतो. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची कडा वर चढलेली आहे. जोर करू नका, परत खाली ढकला.

ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून हात फिरवा, पण ग्लोव्ह काढून, हळूच आणि दोन्ही दिशांनी. काटा किंवा तार आत तशीच राहते आणि नवी ट्यूब पाच किलोमीटरवर बसते. वाटेतल्या दुसऱ्या पंक्चरचं कारण बहुतेक वेळा पहिलंच असतं.

नव्या ट्यूबला पावडर लावा, गोल आकार येईल एवढीच हवा भरा, मग आत सारा. बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटच्या टप्प्यात व्हॉल्व्ह आत ढकला म्हणजे ट्यूब कडेखाली येणार नाही. लिव्हर एका वेळी दोन इंचच पुढे न्या. शेवटचा घास मोठा घेतला की ट्यूब चिमटते आणि सगळं पहिल्यापासून. हवा ४० पीएसआयपर्यंत भरा, टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसली की कडा बसली. मग दाब उतरवा.

व्हॉल्व्हचा छोटा नट रिमला आवळू नका, टोपीकडे वर चढवून ठेवा. कमी हवेत ट्यूब टायरसोबत सरकते. नट रिमला आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, त्याला पट्टी लागत नाही. नट वर असेल तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळीच कळतं.

पट्टी लावायची झाली तर थंडीत सोल्युशन सुकायला वेळ लागतो. ट्यूब इंजिनच्या उबेला धरा, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच पट्टी दाबा.

सॅडलबॅग_समर्थक

हिशोब मांडू. गाडी १९९ किलो, तुम्ही दोघं कपड्यांसकट दीडशेच्या आसपास, सामान २५. पावणेचारशे किलो झाले. आता त्यात रॅक आणि दोन अॅल्युमिनियमच्या पेट्या म्हटल्या की रिकाम्याच पंधरा किलोंच्या वर जातात. ते वजन मागच्या आसाच्या मागे लोंबतं, पुढचं चाक हलकं होतं, आणि वाळूत हँडल वळवलं तरी गाडी सरळ जाते. शिवाय वाळूत किंवा पाण्यात पाय टेकवला आणि गाडी मागे घसरली तर पोटरी पेटीखाली सापडते. जोडीने जाणाऱ्याला कापडी बॅगच.

सीटखाली दोन्ही बाजूंना २५-३० लिटरच्या सॅडलबॅग, रॅकवर एक ३०-४० लिटरची गुंडाळून बंद होणारी वॉटरप्रूफ बॅग. बस्स. हत्यारं आणि ट्यूब सॅडलबॅगेत सगळ्यात खाली, पुढच्या बाजूला. रॅकवर फक्त हलकं: कपडे, थर्मल, झोपायची पिशवी. सॅडलबॅगेचा उजवा पट्टा सायलेन्सरला लागतोय का ते दोघं बसून, सस्पेन्शन दाबून बघा. उभ्या गाडीवर चार बोटांचं अंतर दिसतं आणि खड्ड्यात बॅग जळते. बंजी कॉर्ड नकोत. बकलवाले चपटे पट्टे घ्या आणि लोंबणारी टोकं बांधा, चेनमध्ये गेलेला पट्टा चाक अडकवतो.

वहिनींचं सामान. क्रम असा लावा: हेल्मेट, बूट, जॅकेट, ग्लोव्ह, पँट. आयएसआय खूण कायद्याने हवीच, त्यासोबत ईसीई २२.०६ हे युरोपीय मानक असलेलं फुलफेस मिळालं तर उत्तम. दुकानात दहा मिनिटं घालून बसायला सांगा. कपाळावर एका ठिकाणी टोचलं तर तो आकार त्यांच्या डोक्याचा नाही, 'नंतर सैल होईल' हे ऐकू नका, सैल होतात ते गालाचे पॅड. जॅकेटमध्ये खांद्या-कोपराच्या आर्मरवर (आतल्या संरक्षक पॅडवर) ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ लिहिलेलं असतं. पाठीला मात्र बऱ्याच जॅकेटात नुसता फोम येतो. तो काढून ईएन १६२१-२ चा पाठीचा आर्मर घाला, हजार-दोन हजारांचाच प्रश्न आहे.

सप्टेंबरात परतीला राजस्थान-मध्य प्रदेशात उकाडा, लेह-मनाली वाटेवर सरचूत सकाळी पाणी गोठवणारी थंडी, आणि धुळ्याच्या पुढे पुण्यापर्यंत पाऊस. तिन्हीला पुरणारं एक जॅकेट नसतं. जाळीचं जॅकेट घ्या, आत थर्मल आणि पातळ डाउन किंवा फ्लीस, आणि वरून घालायचा वेगळा रेनसूट. जॅकेटच्या आत चेनने लावायचं पावसाळी अस्तर टाळा. रस्त्यात पाऊस आला की ते लावायला जॅकेट काढावं लागतं, आणि बाहेरचं कापड भिजून जड आणि गार होतं ते वेगळंच. रेनसूट वाऱ्यालाही अडवतो, थंडीत अर्धं काम तोच करतो. ग्लोव्हच्या दोन जोड्या, एक वॉटरप्रूफ. बूट घोटा झाकणारे, ट्रेकिंगचे उंच असले तरी सुरुवातीला चालतील, स्पोर्ट शूज नाही.

ताग्लांग_ला

वाट बरोबर निवडलीत. श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००, म्हणजे शरीर पायऱ्यांनी चढतं. मनालीकडून चढणारे दुसऱ्या रात्री सरचूला, ४,२९० मीटरवर झोपतात आणि तिथेच आजारी पडतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. लेहला पोचल्यावर दोन रात्री काही करायचं नाही, खारदुंग ला तिसऱ्या दिवशी. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड, नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फाची अॅलर्जी आहे का ते सांगून. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात घोळ होणं, यातलं काहीही दिसलं तर गोळीची वाट बघायची नाही. लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. उतरताना लेहहून लवकर निघून जिस्पा किंवा केलाँग गाठा, पांग-सरचूला मुक्काम नको.

पेट्रोल: तुम्ही उलट दिशेने येताय, त्यामुळे तुमचा शेवटचा भरवशाचा पंप कारू, लेहपासून ३५ किलोमीटर. तिथून तांडी सुमारे ३३० किलोमीटर. तांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किमी' असा फलक प्रसिद्ध आहे, तो यासाठीच; तो आकडा लेहपर्यंतचा. टाकी १५ लिटरची. जोडीने घाटात २५ चं मायलेज धरा, ३७५ होतात, पण त्यात काठावरचं हिशोबात धरू नका. चार लिटर जास्तीचं घ्या, चांगल्या झाकणाच्या कॅनमध्ये. पाण्याच्या बाटलीत बहुतेक पंप देत नाहीत आणि नेऊही नये. उंचीवर हवेचा दाब घटतो, बाटली फुगून झाकणातून झिरपते. वाटेत संधी मिळताच कॅन टाकीत रिकामा करा.

नाले सकाळी ओलांडा. दुपारनंतर बर्फ वितळून पाणी गुडघाभर वाढतं. जोडीदाराने उतरून चालत यावं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढा, एअरफिल्टर उघडून बघा, ओला असेल तर प्लग काढून मग सेल्फ मारा, पाणी प्लगच्या भोकातून उडेल. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घेतलं नसेल तर हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, एकदा पॉलिसी उघडून बघा.

आणि फोन: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या.

घाटरस्ता

भरभरून लिहिलंत, आभार. पेट्यांचा विषय बंद, सॅडलबॅगच. तीन शंका: हवा भरायला छोटा कंप्रेसर की पायाचा पंप? दुबईचा चुलतभाऊ सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र देतो म्हणतोय, आणू का? आणि रेल्वेत गाडी टाकताना टाकी रिकामी मागतात म्हणे, इंजेक्शनच्या गाडीची कशी करायची?

ट्यूबवाला

कंप्रेसर घ्या, पण त्याची वायर बॅटरीला थेट, १५ अँपिअरच्या फ्यूजसकट जोडून ठेवा. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटवर लावलात की फ्यूज जातो. हवा भरताना इंजिन चालू. मोठ्या नाक्यांवर भरायची सोय असतेच, वाटेत फक्त पंक्चरनंतर लागतं.

पाना_पकड

मी पायाचाच पंप म्हणेन. त्याला वायर नाही, फ्यूज नाही. चार हजार मीटरवर दीडशे वेळा दाबताना दम लागतो हे मान्य. काहीही घ्या, दाब मोजायचं गेज वेगळं ठेवा, पंपावरची काटेवाली गेज नुसती शोभेची. आणि एक, गेज आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतं. खाली ३२ भरलेला टायर पाच हजार मीटरवर थंडी धरूनही ३५ च्या आसपास दाखवेल. लेहला पोचल्यावर सकाळी, गाडी थंड असताना स्टिकरवरच्या जोडीच्या आकड्यावर आणा, आणि मनालीला उतरल्यावर परत भरा. हे दुसरं विसरतं, आणि मग खाली सपाटीला ताशी नव्वदने कमी हवेवर पळत ट्यूब तापते.

ताग्लांग_ला

सॅटेलाइट यंत्र अजिबात आणू नका. भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र बॅगेत सापडल्याने परदेशी प्रवासी अडकले होते. तुम्ही तर सीमेजवळ जाताय. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, रोजचा बेत घरी कळवा.

पार्सल_खिडकी

रेल्वेचं मी सांगतो. दोन पद्धती आहेत. तुमच्या तिकिटावर लगेज म्हणून बुक केली तर गाडी त्याच ट्रेनने येणं अपेक्षित, पार्सल म्हणून केली तर जागा मिळेल तशी, दोन-चार दिवस मागे-पुढे. तुम्ही लगेज म्हणून करा, आणि तरीही जम्मूत एक दिवस हातात ठेवा.

आरसी आणि विम्याची प्रत, ओळखपत्र, तिकीट घेऊन निदान काही तास आधी पार्सल ऑफिसात जा, शक्यतो आदल्या दिवशी. टाकी रिकामी लागतेच. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, त्यामुळे बंद पडेपर्यंत चालवून टाकी सुकवू नका, पंप कोरडा फिरून खराब होतो. आधीच्या दोन दिवसांत कमी भरत जा, रिझर्व्ह लागल्यावर स्टेशनावर या आणि उरलेलं झाकणातून नळीने ओढून कॅनमध्ये काढा. तळाशी कपभर राहिलं तर चालतं, वास येऊन ठिबकायला नको.

आरसे, सॅडलबॅग, मोबाइलचा होल्डर काढून ठेवा. पॅकिंगवाले गोणपाट आणि गवत गुंडाळतात. क्लच-ब्रेकचे लिव्हर, इंडिकेटर आणि टाकीच्या दोन्ही बाजू यांना जास्त गुंडाळायला सांगा, समोर उभं राहून. गाडी आडवी ढकलली जाते तेव्हा पहिला मार त्यांनाच बसतो. टाकीवर आणि मागे पुठ्ठा बांधून त्यावर जाड मार्करने पुणे ते जम्मू तावी, पावती क्रमांक आणि तुमचा मोबाइल लिहा. हँडल लॉक करू नका, लॉक केलेली गाडी हमाल उचलून आपटतात.

कॅन रिकामाच सोबत न्या, जम्मूत उतरल्यावर पंपावरून दोन लिटर आणून टाकीत ओता. इग्निशन चालू-बंद तीन-चारदा करा म्हणजे लाइनमध्ये दाब तयार होईल, मग सेल्फ मारा. आणि गाडी उतरल्यावर सोडवायला उशीर केलात तर ठरावीक तासांनंतर तासाप्रमाणे दंड लागतो, आधी गाडी ताब्यात घ्या, हॉटेल नंतर.